सुरूला सुरू झालं की…

९ फेब्रुवारी

चि. ठकू,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फोडलंस, म्हणजे अर्धी लढाई मी जिंकलो. उरलेली अर्धी जिंकावी म्हणून लिहीत नाही. सहज लिहितो आहे.

अंगणातल्या सुरूला तुरे यायला लागलेत. लांबून बघितलं तर झाडाला गंज चढल्यासारखा दिसतो. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला दुसरी उपमा कुठून सुचणार! वारा आला की तो गंज झडतो आणि माझ्या नाकात येऊन बसतो. तुझी आई म्हणायची ना, "सुरूला सुरू झालं, की ह्यांचं सुरू." तसं आमचं सुरू झालं आहे.

परवा शेजारच्या शिंपीणबाईंचं मनगटी घड्याळ उघडून खिडकीपाशी बसलो होतो. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि चिमट्यात तो स्क्रू, ज्याच्यापुढे मोहरीसुद्धा कलिंगड वाटावी. तेवढ्यात शिंक आली. एक नाही, सगळी वरात. स्क्रू गेला, स्प्रिंग गेली, भिंग घरंगळत पलंगाखाली. दुकानात असतो तर काम शिकवणारे उस्ताद म्हणाले असते, "शिंकणार असाल तर आधी कळवत चला राव, आम्ही घड्याळं घेऊन बाहेर जातो." इथे उस्ताद नाहीत, तुझी आत्या आहे. ती लोहचुंबक घेऊन जमिनीवर रांगत होती आणि रांगता रांगता बोलत होती.

"दादा, या वयात मला रांगायला लावलंस. उद्या डॉक्टरकडे चल, नाहीतर मी माझं वेगळं बिऱ्हाड करते."

तिचं वेगळं बिऱ्हाड म्हणजे मधलं दार लावून घेणं. तरी गेलो.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. हातावर ओळीने एकेका गोष्टीच्या अर्काचे थेंब ठेवले आणि प्रत्येक थेंबात सुईने हलकेच टोचलं. मग म्हणाल्या, आता खाजवायचं नाही, बसून राहायचं. धूळ काही बोलली नाही, मांजर गप्प, गवत जरासं कुरकुरलं. सुरूच्या थेंबाखाली मात्र हा एवढा गांधीलमाशी चावल्यासारखा फुगा.

"आजोबा, तुम्हाला परागाचा त्रास आहे."

आत्या ताठ झाली. "कोण हा पराग? आमच्या आळीत तर कुणी नाही. वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, त्यांचा का?"

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला. मी मात्र हसलो नाही. शाळेत एका कवितेत 'पराग' हा शब्द पहिल्यांदा भेटला तेव्हा मला तो जगातला सगळ्यात हलका शब्द वाटला होता. उच्चारला तर ओठावरून उडून जाईल असा. मास्तर डस्टरने टेबलावर ठेका धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं डोलत म्हणायचो. त्या शब्दाने म्हातारपणी असा दगा द्यावा!

"झाड तोडता येईल का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत आत्याच म्हणाली, "ते वहिनीचं झाड आहे. ते तोडायचं म्हटलं तर हा आधी स्वतःचं नाक कापून देईल."

तर औषधं सुरू केली आहेत. का केली ते पुढे कधीतरी लिहीन.

तुझे,
बाबा


२० फेब्रुवारी

चि. ठकू,

उत्तर आलं नाही, येईल असं धरलंही नव्हतं. तू आत्याला फोन करतेस ते मला कळतं. ती स्वयंपाकघरात जाऊन आवाज बारीक करते, पण तिचा बारीक आवाज म्हणजे इतरांचा जाहीर सभेतला. "हो गं, जेवतात. हो, शिंकतात." माझ्याबद्दल एवढंच विचारतेस, की ती एवढंच सांगते?

खिडक्या बंद करून बसलो आहे. सकाळी आणि वाऱ्याच्या दिवशी तर उघडायच्याच नाहीत असा हुकूम आहे. बाहेर जाऊन आलो की दारातच कपडे बदलायचे. डोकं धुवायचं, कारण केसांत पराग बसतात आणि मग ते उशीवर येतात. (आत्या म्हणते, "तुझ्या डोक्यावर केस किती, त्यात पराग बसणार किती! दाटीवाटीने बसत असतील बिचारे.") धुतलेले कपडे घरातच वाळत घालायचे. त्यामुळे माझ्या खोलीत सध्या दोरीवर माझे दोन शर्ट, पायजमा आणि आत्याची चादर यांच्या मधोमध मी.

मिठाच्या पाण्याने नाक धुतो. त्याची तऱ्हा काय सांगू! एका नाकपुडीतून सोडायचं, दुसरीतून बाहेर. पहिल्या दिवशी ते तोंडातून, डोळ्यांतून, मला वाटतं कानांतूनही आलं.

नाकात मारायचा एक फवारा आहे. तो मी दहाबारा दिवस इमानाने मारला आणि काडीचा फरक पडेना. मग डॉक्टरीणबाईंनी समोर मारून दाखवायला सांगितलं. मी मान मागे टाकली, डोळे मिटले, फवारा मारला आणि असा जोरात श्वास ओढला, की त्यांच्या टेबलावरचे कागद हलले असतील.

"आजोबा, तुम्ही औषध प्यायलात. नाकाला काही मिळालंच नाही. मान खाली घाला, जमिनीकडे बघा. नळीचं तोंड कानाच्या दिशेने. आणि ओढायचं नाही, नुसतं राहू द्यायचं."

नुसतं राहू द्यायचं. मला ते कधी जमलं आहे?

तुला ती कविता आठवते का? तू पहिलीत असताना मी तुला शिकवलेली. तुला 'झ' म्हणता येत नव्हता म्हणून झाडाला 'जाड' म्हणायचीस, पण ही कविता मात्र घडाघडा.

उघड जराशी खिडकी, बाळे, वारा दारी उभा कधीचा;
हाती त्याच्या निरोप आहे रानामधल्या फुलाफुलांचा.

आता तोच वारा दारी उभा आहे आणि मी आतून कडी घालून बसलो आहे. म्हातारा आणि वसंत यांच्यामध्ये एक काच. काचेवर सकाळी तांबूस भुकटी दिसते. बोट फिरवलं तर रेघ उमटते. तुझ्या आईचं झाड रोज मला काहीतरी लिहून धाडतं आणि आत्या रोज ओल्या फडक्याने ते पुसते.

एवढं करूनही डोळे वाहतातच. रात्रंदिवस खाज. डोळे चोळू नका म्हणतात. न चोळणं हेच दिवसभराचं काम होऊन बसलं आहे.

तुझे,
बाबा


४ मार्च

चि. ठकू,

आज जरा धीर करून लिहितो.

आळीतले लोक आत्याला विचारतात, "बापलेकीत कुठे माशी शिंकली हो?" आत्या म्हणते, "माशांचं काय, कुठेही शिंकतात." पण ठकू, माशी नाही गं. मीच शिंकलो.

तुझी आई गेली त्या दिवशी अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. सावली तिथेच म्हणून सुरूच्या खालीच. मार्च अर्धा उलटून गेलेला, तुरे भरात. माझे डोळे वाहत होते, नाक वाहत होतं. शिंपीणबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "रडू द्या त्यांना. मोकळं होऊ द्या." तू दारात उभी होतीस, हातात पाण्याचे पेले. तू म्हणालीस, "ते रडत नाहीयेत. त्यांना दरवर्षी होतं हे. सुरूला तुरे आलेत."

तुझ्या आवाजात राग नव्हता. उलट काळजीच होती, की लोकांनी घाबरू नये. मला तुला हाक मारायची होती. 'ठकू' एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि शिंक आली. मग दुसरी, मग तिसरी. तुझ्या आईच्या दिवशी, तिच्याच झाडाखाली बसून मी शिंकत होतो. शिंका थांबेपर्यंत तू आत गेली होतीस.

मग तू मला तुझ्याकडे नेलंस. आठवा मजला, खाली नुसतं सिमेंट, औषधाला झाड नाही. दोन दिवसांत माझं नाक मोकळं झालं. कितीतरी वर्षांनी मार्च महिन्यात मला वास आले! मी साबण हुंगला, वर्तमानपत्र हुंगलं, तुझ्या धुतलेल्या उशीचा अभ्रा हुंगला. तुझ्या शेजारणीच्या मुलीला हातवारे करून कविता म्हणून दाखवली. ती खिदळत होती, मीही हसत होतो. वर बघितलं तर तू दारात. तू दारातच का उभी असतेस नेहमी?

"बघा," तू म्हणालीस, "झाड नाही तर पाणीही नाही. आईसाठी एक थेंब तरी वेगळा काढून ठेवायचा होतात, बाबा."

डोळे खरंच कोरडे होते. दुसऱ्या दिवशी आपण होऊन परत आलो. त्यानंतर तू माझ्याशी बोललेली नाहीस.

ठकू, तुला खोटं वाटेल, पण त्या दिवशी अंगणात डोळ्यांतून वाहिलं त्यात तिचं किती आणि सुरूचं किती, हे मलाच ठाऊक नाही. दोन्ही पाणी एकाच वाटेने आलं. वेगळं कसं करू? घड्याळ असतं तर उघडून बघितलं असतं.

म्हणून हा औषधांचा खटाटोप. डॉक्टरीणबाई म्हणतात, नेमाने केलंत तर पंधरवड्यात डोळे थांबतील. तसं झालं आणि तरीही आई गेली त्या दिवशी, एकवीस तारखेला, त्यांना पाणी आलं, तर ते सुरूचं नसेल. मग तूही मान्य करशील, आणि मीही.

येशील का त्या दिवशी? राहू नकोस हवं तर. बसून जा.

तुझे,
बाबा


१५ मार्च

चि. ठकू,

तू येणार आहेस असं आत्या म्हणाली. म्हणाली म्हणजे काय, स्वयंपाकघरातून तिची किंकाळीच ऐकली. मग बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणते, "दादा, तुला काही सांगायचं आहे, पण तू शांतपणे ऐक." मी आधीच दाढीचं सामान काढून बसलो होतो.

एक अडचण झाली आहे.

औषध लागू पडलं. फवारा आता नीट मारतो, डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ थेंब, रोज गोळी. शिंका गेल्या. काल भर वाऱ्यात अंगणात जाऊन उभा राहिलो, सुरूच्या खाली, आणि तो समुद्रासारखा गाजत होता. त्या आवाजासाठीच तर तुझ्या आईने तो लावला. माहेरचा समुद्र घरबसल्या ऐकू येतो म्हणायची. कितीतरी वेळ उभा होतो. नाक स्वच्छ. डोळे स्वच्छ.

घरात येऊन तिच्या फोटोसमोर बसलो. म्हटलं, बघू तरी. तालीम म्हण. तिचं हसणं आठवलं, तिचं शेवटचं आजारपण आठवलं, दुकानात डब्याबरोबर ती दोन रुमाल द्यायची ते आठवलं. एक ओला, एक कोरडा. "ओला डोळ्यांना, कोरडा नाकाला. उलट केलंत तर बघा!" आतमध्ये सगळं पिळवटून आलं, ठकू. आणि डोळे? वाळवंट. पापणीच्या कडेला ओल नाही.

आमच्या धंद्यात एक गंमत असते. घरी बंद पडलेलं घड्याळ दुकानात आणलं, गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं, की ते हटकून टिकटिक करायला लागतं. गिऱ्हाईक खोटं पडतं. ते बिचारं शपथा घेतं आणि आम्ही हसतो. आता काउंटरच्या पलीकडे मी उभा आहे.

डॉक्टरीणबाईंना विचारलं, की या औषधाने रडणंसुद्धा थांबतं का? त्यांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "नाही आजोबा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

तेवढाही आधार गेला.

बस दुपारची घे, सकाळच्या वाऱ्यात उतरू नकोस.

तुझे,
बाबा


२३ मार्च

चि. ठकू,

पोचल्याचा फोन आत्याला आला. बरं वाटलं.

परवा जे तुला सांगता आलं नाही ते लिहितो. त्या सकाळी गोळी हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. ती घेतली नसती, थेंब घातले नसते आणि तासभर अंगणात उभा राहिलो असतो, तर तू फाटकातून आत येताना तुझा बाप धाय मोकलून रडताना दिसला असता. तुला हवं ते मिळालं असतं, मलाही हवं ते. आत्या म्हणालीसुद्धा, "एक दिवस औषध चुकलं तर कोण मरतंय?" तिला सगळं कळतं, फक्त पराग कोण ते कळत नाही.

पण काटे हाताने पुढे ढकलून घड्याळ दुरुस्त होत नसतं. गोळी घेतली. थेंब घातले. आणि व्हायचं तेच झालं.

तू समोर बसलीस. मधे आईचा फोटो. तू माझ्याकडे बघितलंस, नीट, भिंग लावल्यासारखं. म्हणालीस, "डोळे छान दिसतायत तुमचे." मला वाटलं होतं, तू टाकून बोलशील. पण तू दमल्यासारखी बोललीस. ते जास्त लागलं. तुझ्या कानाजवळ केस पांढरे झालेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "औषध लागू पडलं."

तू म्हणालीस, "हं."

बापलेकीचं तेवढंच बोलणं. आत्या मधे चहा ठेवून गेली, बशी हलवून गेली, पंखा लावून गेली, बंद करून गेली. कविता आठवत होती, तोंडात आली होती, पण मागच्या खेपेस कवितेनेच घात केला होता. मी हात मांडीवर ठेवून बसलो. नुसतं राहू द्यायचं, ते बहुधा असंच असतं.

मग तू उठून अंगणात गेलीस. काचेतून दिसत होतीस. सुरूच्या बुंध्याला हात लावून उभी होतीस, पाठमोरी. वारा सुटला. झाड गाजायला लागलं. तुझ्या केसांवर, खांद्यावर ती तांबूस भुकटी पडताना मी इथून बघत होतो. तुला हाक मारावी, आत ये म्हणावं, असं मनात आलं तोवर तू शिंकलीस.

मी मोजायचं नाही ठरवलं, तरी कान ऐकतातच. तुझ्या आईला माझी शिंक पाठ होती. आधी एक लहानशी, दार वाजवल्यासारखी, आणि मग लागोपाठ धाडधाड. तशीच, ठकू. अगदी तशीच.

तू आत आलीस तेव्हा डोळे लाल, नाक लाल, गालांवरून पाणी हनुवटीपर्यंत. थांबेना. तू उलट्या हाताने पुसत होतीस आणि ते परत येत होतं.

आत्या दारात थबकली. "अगंबाई! सुरूला सुरू झालं…" म्हणाली आणि पुढचं तिने गिळलं. पुढचं म्हणणारी आता नाही, हे तिच्याही लक्षात आलं.

"मी रडत नाहीये, बाबा," तू म्हणालीस.

"माहीत आहे," मी म्हणालो.

मी आत जाऊन दोन रुमाल आणले. एक ओला करून, एक कोरडा. तुला काही सांगावं लागलं नाही. ओला तू डोळ्यांवर दाबलास आणि तसाच धरून ठेवलास, कितीतरी वेळ. त्याखाली काय चाललं होतं, सुरूचं की तिचं, ते मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क नाही. आणि तुला विचारलं असतं तर तुलाही सांगता आलं नसतं, हे मला ठाऊक आहे. एवढी एकच गोष्ट या बाबतीत मला नक्की ठाऊक आहे.

मला तेव्हाही रडू आलं नाही. मी फक्त समोर उभा होतो.

बसमध्ये चढताना तू मागे वळलीस, काहीतरी म्हणालीस. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. आत्याला विचारलं. तिलाही नाही.

आता कामाचं. तुझ्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात मी गोळ्यांचं पाकीट टाकलं होतं, ते सापडलं असेल. पण तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. तेही हातावर टोचून बघतील, खाजवू नकोस. परवाची साडी दारातच वेगळी काढून धू. डोकं धुतल्याशिवाय उशीवर टेकू नकोस. फवारा दिला तर मान खाली, तोंड कानाकडे, आणि ओढायचं नाही. डोळे चोळू नकोस, ओला रुमाल ठेव. दोन्ही रुमाल तुझ्याकडेच राहिलेत, राहू देत.

आठव्या मजल्यावर सुरू नाही, तेव्हा आजपर्यंत थांबलं असेल. थांबलं असेल तर चांगलंच आहे.

नसेल थांबलं, तर मग ते परागाचं नाही. त्यावर डॉक्टरीणबाईंकडे काही नाही, ठकू, आणि माझ्याकडेही नाही. ते आलं तर येऊ दे. माझ्या वाटचंही थोडं तूच काढ.

तुझे,
बाबा